चटईवरचे खोटे दिवस

२८ जुलै, सोमवार

मागच्या खोलीत चटईवर बसून लिहितेय. सकाळी आईला सांगितलं, बाजूला बसते म्हणून. आई "बरं" म्हणाली, माझं वेगळं ताट-भांडं काढलं, कॉफी उंबऱ्याशी ठेवून गेली. चेहऱ्यावर समाधान. तारीख चुकली नाही ना, झालं तर मग. आमच्या घरात मुलीच्या शब्दापेक्षा या चटईवर विश्वास जास्त.

आणि मी साफ खोटी बसलेय. आलेलं काहीच नाही. जरा उशीर झाला की आई खोदून खोदून विचारते, म्हणून बसले. वीस वर्षांची घोडी, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, घर जे. पी. नगरात, आणि महिन्याचे चार दिवस ताट वेगळं. कॉलेजात नि.शी जमलं आणि त्याला हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं मी थापा मारतेय.

अक्का डोकावून गेली. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. राहते वरच्या मजल्यावर, डोळे कायम आमच्या मजल्यावर. "बसलीस का? बस बस," म्हणाली.

येईल उद्या. यायलाच पाहिजे.

२ ऑगस्ट, शनिवार

नाही आली. कॉलेजच्या टॉयलेटमध्ये टेस्ट केली, बाहेरून कुणीतरी दार बडवत होतं. आहे. दोन्ही रेघा ठळक.

आम्ही काळजी घेतली होती. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे सगळे म्हणणार, अक्कल गहाण ठेवली होती का.

नि.ला कॅन्टीनच्या मागे गाठून सांगितलं. तो "ओके" म्हणाला. थोड्या वेळाने परत "ओके". मग म्हणाला, मी बघतो काहीतरी. मला वाटलं, बघेल. संध्याकाळी मेसेज: आईला सांगितलंय, डोन्ट वरी, शी इज कूल.

मला न विचारता. माझ्या पोटातली गोष्ट माझ्या आईच्या आधी त्याच्या आईला कळली. मी फोन उशीखाली टाकला.

७ ऑगस्ट, गुरुवार

सर्जापूर रोडला नि.च्या घरी. ही मंडळी पुण्याहून इकडे कन्नड मुलखात आलेली, नि. नववीत होता तेव्हा. त्याच्या आईने चहा दिला, बिस्किटं दिली, समोर बसून अगदी गोड आवाजात सुरू केलं. "हे बघ रेवती, आम्ही खूप ओपन आहोत. होतात अशा गोष्टी. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये, माझी ओळख आहे तिथे. तुझ्या घरी सांगायचीसुद्धा गरज नाही."

मी म्हटलं, मला विचार करायला वेळ हवाय. तर हसल्या. विचार काय करायचाय त्यात, निनादला पुढच्या वर्षी जर्मनीला जायचंय, त्याने किती मेहनत घेतलीये. माझ्याही शेवटच्या वर्षाच्या परीक्षा आहेत, हे त्यांच्या गावीही नाही. आणि निघताना दाराशी हळूच: मुलींनीच जरा सांभाळायचं असतं गं.

हे ओपन! आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

नि. सोफ्यावर फोन बघत. लिफ्टपाशी म्हणाला, आई प्रॅक्टिकल आहे. मी विचारलं, आणि तू कोण आहेस? तेवढ्यात लिफ्ट आली, त्याला बरंच झालं.

शनिवारी जाणार नाही. नको असेल तर नको हे मी ठरवेन. त्यांच्या ओळखीने ठरणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सापडले. कपाट आवरताना आईला पॅडचं पाकीट दिसलं, जुलैत आणलेलं, फोडलेलंसुद्धा नाही. एवढं नाटक केलं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाले, चटई धुऊन वाळत घातली, आणि पाकीट फोडायचं राहिलं. गाढव मी.

आईने दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, मारेल, रडेल, निदान जवळ तरी घेईल. तर पहिला प्रश्न काय?

"म्हणजे तू खोटी बसलीस? देवाशी खोटं बोललीस?"

पोटातलं नंतर, आधी चटई. मी म्हटलं, आई, मी देवाला नाही फसवलं, तुला फसवलं. तेव्हा रडली. मग मीही. मला वाटलं आता तरी विचारेल, बरी आहेस ना, काही खाल्लंस का. डोळे पुसले आणि विचारलं, "कोण लोक ते? आपल्यातले आहेत का?"

१४ ऑगस्ट, गुरुवार

अण्णा कंपनीच्या बसने होसकोट्याहून, कामावरून आले. आईने त्यांना आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. "तिला जेवायला बोलव." "तिला विचार, तो मुलगा काय करतो." मी समोर, हातभर अंतरावर बसलेली! मला कळायला लागल्यापासून अण्णा पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणतात मला. आता पुट्टी गेली, 'ती' उरली. जेवताना इतकं वाईट वाटत होतं की राग सुचलाच नाही. आता लिहिताना येतोय, भरपूर.

घरात एकच काळजी चालू आहे: अक्काला कळता कामा नये. अक्काला कळलं म्हणजे सगळ्या नातेवाइकांना कळलं. मला उलट्या होतात त्याचं काही नाही, नळ मोठा सोड, वर आवाज जातो.

१७ ऑगस्ट, रविवार

नि. आणि त्याचे आईबाबा आमच्याकडे आले. अक्काला सांगितलं, कॉलेजच्या प्रोजेक्टचं काम आहे. प्रोजेक्टला आईबाप येतात का कुठे? पण ती खाली उतरली नाही, नशीब.

अण्णांचं म्हणणं, महिन्याच्या आत देवळात लग्न लावून टाकू. परीक्षेचं बघू पुढे. नि.चे बाबा म्हणाले, मुलाला एकविसावं पूर्ण नाही, कायद्यात बसत नाही, आणि बसलं तरी नो वे. प्रोसिजर करा, विषय संपला. अण्णा म्हणाले, असलं पाप आमच्या घरात होत नाही. मग आमचा संबंध नाही, इति बाबा. आवाज चढले की आई उप्पीट वाढायला पुढे जायची आणि वर बोट दाखवायची, मग सगळे हळू.

कशावर म्हणून एकमत नाही. एका गोष्टीवर झालं. नि.ची आई म्हणाली, रेवती, तू आत जा बघू. माझ्याच घरात मला! आणि माझ्या आईने मान डोलावली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत उभी, आणि नि. बाहेर खुर्चीवर, उप्पीट खात. त्याला कुणी आत जा म्हटलं नाही. बरं, बाहेर बसून तरी एक शब्द बोलावा. नाही.

इतकी चिडले होते की हात धुवायच्या निमित्ताने दोनदा तोंड धुतलं.

२० ऑगस्ट, बुधवार

डॉक्टरकडे. तेही पार होसकोट्याला, कारण जे. पी. नगरात कुणीतरी बघेल. अण्णांनी सुट्टी टाकली, आई बरोबर. डॉक्टरीणबाईंनी मला काही विचारलं की उत्तर अण्णा देणार. माझी शेवटची तारीखसुद्धा आईने सांगितली. दोन-तीनदा असं झालं, मग बाईंनी पेन खाली ठेवलं. तुम्ही दोघं स्वल्प, थोडा वेळ, बाहेर बसा, म्हणाल्या. अण्णा उठेनात. त्या थांबल्या, ते उठेपर्यंत.

दार लागल्यावर त्यांनी कन्नडात विचारलं, "तुला काय हवंय?"

मला रडू आलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नि.नेसुद्धा नाही. मीही सगळ्यांवर चिडण्यात इतकी गुंतले होते की स्वतःला विचारायचं राहूनच गेलं.

बाईंनी रडू दिलं. मग स्पष्ट सांगितलं. तू सज्ञान आहेस, ठेवायचं असो की नसो, होकार लागतो तो फक्त तुझा. आईबापांचा नाही, त्या मुलाचा नाही. कुणी तुला ओढून आणलं तर मी हात लावणार नाही. पण उगाच लांबवू नकोस, पुढच्या शुक्रवारी येऊन सांग.

बाहेर आले तर अण्णा आईला म्हणतात, "तिला विचार, काय म्हणाल्या."

मी म्हटलं, अण्णा, मला विचारा ना. ते रिक्षा बघायला पुढे गेले.

२३ ऑगस्ट, शनिवार

संताप संताप झालाय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आई दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, सोमवारपासून बाजूला बस. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, तुझी तारीख आली, अक्काचं लक्ष असतं. आणि मंगळवारी, गणपतीच्या आदल्या दिवशी, इकडची गौर. "नाहीतरी अशा अवस्थेत तू गौरीसमोर नकोच." एका दगडात दोन पक्षी मारले आमच्या आईने.

जुलैत मी आपल्या मनाने खोटी बसले तेव्हा ते देवाशी खोटं. आता हिने बसवलं की ती घराची अब्रू. देव तोच, चटई तीच! पहिल्यांदा पाळी आली तेव्हापासून ऐकतेय, याच्यात लबाडी चालत नाही, देवाला सगळं दिसतं. देवाला दिसलेलं चालतं वाटतं, अक्काला दिसलेलं चालत नाही.

हे सगळं तोंडावर म्हटलं. आई म्हणाली, वाद नको, सुम्ने बस, गुपचूप. आणि जाता जाता काय सांगावं? या वेळी पाकीट फोडून ठेव.

२५ ऑगस्ट, सोमवार

बसले. लाज वाटते लिहायला. आईचे डोळे सुजलेले होते, मला नाही म्हणवलं नाही.

उद्याच्या होळिग्यांचं पुरण शिजतंय, वासाने मळमळतंय. नि.चा मेसेज आला: होप यू आर ओके, आई विचारतेय काय ठरलं. आई विचारतेय! उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी अक्का दाराशी येऊन कौतुक करून गेली. "तारखेला अगदी पक्की हो आमची पोर." मी मान खाली घालून हसले. ती गेल्यावर मला माझीच शिसारी आली.

एक झालं. कुणी बोलायला नाही, कुणी शिवायला नाही, त्यामुळे दुपारभर नीट विचार केला. शुक्रवारी काय सांगायचं ते ठरलंय. दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून बघितलं, तेच येतंय. पण ते इथे लिहिणार नाही. पाकीट सापडलं तशी ही वहीही सापडेल. पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना सांगेन.

२६ ऑगस्ट, मंगळवार. गौर

दरवर्षी बागिना मी भरते. सुपांत बांगड्या, हळदकुंकू, डाळ-तांदूळ, वर दुसरं सूप झाकायचं, आणि सवाष्णींना द्यायचं. पहिला मान अक्काचा. आज मी खोलीत, आणि बाहेर सुपांचे आवाज.

शेजारच्या काकू आल्या, रेवती कुठाय म्हणाल्या. आईने मोठ्याने सांगितलं, रस्त्यापर्यंत जाईल असं, "ती बाजूला बसलीय." किती सहज. त्या गेल्या आणि मी उठले. ठरवून नाही, उठलेच. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि हॉलमध्ये गेले.

अक्का पाटावर बसलेली, पदर पुढे धरलेला. "अगं अगं, तिथेच थांब, गौर मांडलीय!"

मी म्हटलं, "अक्का, मला पाळी आलेली नाही. जुलैतही नव्हती आली."

आई सूप घेऊन होती तशी खाली बसली. अक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पोटाकडे. तिला समजावून सांगावं लागलं नाही. अण्णा देवघरातून बाहेर आले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

"पुट्टी, आत जा."

किती वाट बघत होते मी त्या हाकेची, आणि आली ती आत जा म्हणायला. मी म्हटलं, नाही जाणार. आणि आईशेजारी जमिनीवर बसले.

अक्काने पदर सोडला, गुडघ्यावर हात टेकून उठली. "सरी," म्हणाली, ठीक आहे, एवढंच. बागिना न घेता वर गेली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसला. अक्का खाली आली नाही, आरतीलाही नाही. कुणाला फोन केलेत का, कळायला मार्ग नाही. अण्णा गप्प आहेत, आता आईशीही. काय काय होणार आहे देव जाणे. मला भीती वाटतेय, नाही असं नाही.

दुपारी आईने पानं घेतली. माझं ताट सगळ्यांच्या ताटांत होतं. मुद्दाम की विसरून, विचारलं नाही.

मागे आवरताना आईने खालच्या आवाजात विचारलं, शुक्रवारी काय सांगणार आहेस? मी म्हटलं, ते डॉक्टरांना सांगेन. ती बराच वेळ तेच पातेलं घासत होती. मग म्हणाली, "मी येऊ बरोबर?"

ये म्हटलं. पण खोलीत मी एकटी जाणार, तू बाहेर बाकावर बस.

आई "बरं" म्हणाली.