लाल वहीतली दोन पाने आणि विजय नगरचे घर

मी, विनता नीलकंठ पिंपळखरे, वय वर्षे बहात्तर, राहणार विजय नगर, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून माझा मुलगा पहिली शंका तिथेच घेईल. आज माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तेव्हा मी जे केले, त्यामुळेच हे लिहावे लागत आहे. २०२२ साली मी सगळे सुशांतच्या नावे लिहून दिले होते. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

१. माझे पती नीलकंठ आयुध निर्माणीत फिटर होते. चौतीस वर्षांच्या नोकरीतून त्यांनी हे घर बांधले आणि हयातीतच माझ्या नावावर केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले. शेवटचे पाच महिने नसीमा अन्सारी या नर्सने त्यांचे सगळे केले. सगळे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात माणूस अंथरुणाला खिळला आहे त्यांना सांगावे लागत नाही. सुशांत पुण्यात बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो त्या पाच महिन्यांत दोनदा आला. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, असे लिहिणार होते. पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. टोमणाच आहे.

२. यांची हत्यारे, म्हणजे कानशींचा संच, व्हर्नियर, पान्यांच्या दोन पेट्या आणि कामाच्या बाकाला लावलेला शिकंजा, रिछाईत वर्कशॉप चालवणाऱ्या प्रसन्न दामले यांना द्यावीत. ते यांच्या हाताखाली शिकले. दरवर्षी विश्वकर्मा पूजेला येऊन हत्यारांना तेल लावून जातात. सुशांतने ती भंगारात देऊ का असे विचारले होते.

३. आता वह्यांचे.

हे गेल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी मला लाल वह्यांचा गठ्ठा आणून दिला. लिखित नामजपाच्या वह्या. पानावरच्या प्रत्येक चौकोनात रामनाम लिहायचे, वही भरली की मंडळात जमा करायची. दुःखात हाताला काम लागते, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेही आहे. पण चार पानांनंतर माझा हात चालेना. तेव्हा मी त्याच वह्यांत, दिवसा जे वाचले त्यातले मनात राहिलेले उतरवू लागले.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन मी स्वतःचे स्वतः शिकले, त्यामुळे कोणत्या पुस्तकाला हात लावायचा नाही हे मला कोणी शिकवले नाही. यांच्या कारखान्यातल्या एका ख्रिस्ती फोरमनकडून मी मराठी बायबल मागून आणले. नसीमाने तिच्या नागपूरच्या मावशीकडून मराठी कुराण मागवून दिले, तेही मी तीनदा मागितल्यावर. "आंटी, लोग क्या कहेंगे?" असे ती तीनही वेळा म्हणाली. आमच्या पोथ्या घरात होत्याच. मी उतरवायचे ते माझ्यासाठी, म्हणून कुठून घेतले ते खाली लिहीत नसे. माझी चूक ती. बाकीचे जे झाले त्याला चूक म्हणत नाहीत.

जुलै २०२३ मध्ये सुशांत आला असताना त्याने त्या वह्या पाहिल्या. तेव्हा नसीमा आमच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. त्याने मला काही विचारले नाही. वह्या घेऊन तो मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथराव खांबेटे यांच्याकडे गेला. त्या रविवारी मंडळाची बैठक आमच्याच घरी होती. पंधरा-सोळा माणसे. नसीमा माझे बीपी बघायला खाली आली होती, ती दारातच उभी राहिली.

जगन्नाथरावांनी चष्मा पुसला आणि एक पान वाचले. एखाद्याचा मुलगा हट्टी आणि न ऐकणारा असेल तर आईबापांनी त्याला धरून गावाच्या वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर न्यावे, आणि गावातल्या पुरुषांनी त्याला दगडांनी मारून टाकावे, असे ते पान. सुशांतशी फोनवर भांडण झाले त्या दिवशी मी ते उतरवले होते.

"ऐकलं? आईच्या हातून पोराला दगड!" जगन्नाथराव दारातल्या नसीमाकडे बोट करून म्हणाले. "हे शिकवून राहिली ती वहिनींना. अरे, रक्तातच आहे यांच्या."

मग त्यांनी दुसरे पान वाचले. बाळंतकळा आलेली एक बाई एकटीच खजुराच्या बुंध्याला टेकते आणि म्हणते, मी याआधीच मेले असते, कोणाच्या आठवणीतही उरले नसते तर बरे होते. तेव्हा खालून तिला आवाज येतो: दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी पाणी वाहते आहे, झाड हलव, पिकलेले खजूर पडतील, खा, पाणी पी. हे गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी ते उतरवले. तेव्हा मलाही तसेच वाटत होते.

जगन्नाथरावांच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. जगन्नाथराव म्हणाले, "हे बघा ख्रिश्चनांचं. मेरीचं आहे. किती माया! काही म्हणा, त्यांच्यात दया आहे."

मधे एक पान आमच्या पोथीतले होते, विधवेने कसे जगावे याचे. त्यावर त्यांनी नजर फिरवली आणि पान उलटले.

नसीमाने तोंड उघडले होते. सुशांत म्हणाला, "तुम चुप रहो." मग तिने माझ्याकडे पाहिले. दगडांचे पान बायबलातले होते. खजुराचे पान कुराणातले होते. हे त्या खोलीत दोघींना माहीत होते. एकीला बोलू देत नव्हते. दुसरी घराची मालकीण होती, खुर्चीवर बसली होती, आणि रामनामाच्या वहीत हे काहून लिहिलं असे सगळ्यांसमोर कोणी विचारेल या भीतीने तोंड मिटून होती.

आठ दिवसांत नसीमाचे सामान फाटकाबाहेर ठेवले गेले. सुशांतने तिच्या नर्सिंग ब्युरोला फोन केला की ही बाई म्हाताऱ्या पेशंटना बाटवते. तिची कामे बंद झाली. आज ती रिछाईत एका कारखान्यात डबे भरते आणि ओमती नाल्याच्या मागे एका खोलीत राहते.

४. दोन वर्षांनी मी तिच्याकडे गेले. म्हटले, घर तुझ्या नावावर करते. ती दारातच म्हणाली, "घर की बात बाद में, आंटी। आपको मालूम था। उस दिन जो नहीं बोला, वो जाके बोल दीजिए।"

म्हणून गेल्या महिन्यात मी मंडळात गेले. दोन्ही पुस्तके नेली, पानांत खुणेला दोरे घातले. सगळ्यांसमोर वाचून दाखवले की कुठले काय आहे आणि मला तेव्हाही माहीत होते.

जगन्नाथरावांनी बायबल हातात घेतले, पान पाहिले, आणि क्षणभरही न अडखळता म्हणाले, "अच्छा, बायबलमधलं आहे काय? मग ते जुन्या काळातलं असेल, वहिनी. त्याचा अर्थ शब्दशः नसतो घ्यायचा. संदर्भ बघावा लागतो."

"आणि खजुराचं?"

"ते कुराणवाल्यांनी बायबलातूनच उचललं असेल. चलो, चहा घ्या."

कुराण त्यांनी हातात घेतले नाही. लोक हसले. सुशांत पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता, तो म्हणाला, "आई, किती दिवस तेच ते? मूव्ह ऑन कर ना."

मी हे नसीमाला जाऊन सांगितले. ती म्हणाली, "फिर?" मी म्हटले, हसले. ती म्हणाली, "तो अब आपको भी पता चल गया।"

५. यास्तव, विजय नगर येथील माझे दुमजली घर, आतल्या सामानासह, मी नसीमा अन्सारी हिला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. कोणतीही अट नाही. ती म्हणाली आहे की ती या गल्लीत एक दिवसही राहणार नाही, पहिल्या दिवशी विकेल, आणि कोणाला विकेल ते शेजाऱ्यांना विचारणार नाही. तिने तसेच करावे.

६. बँकेतल्या ठेवी माझी मुलगी रुचिरा हिला. ती त्या बैठकीत नव्हती, पण नंतर तिने मला एकदा विचारले होते, "आई, ती पानं नक्की कुठली होती?" विचारणारी ती एकटी.

७. माझा मुलगा सुशांत यास मी त्या लाल वह्या देत आहे. आता प्रत्येक पानाखाली कुठून घेतले ते लिहिले आहे. मी त्याला वेशीवर नेत नाही. त्याला फक्त काही देत नाही. घराची किल्ली त्याने स्वतः नसीमाच्या हातात द्यावी अशी इच्छा आहे. देणार नाही हेही माहीत आहे, म्हणून दुसरी किल्ली वकील अपूर्वा सहस्रबुद्धे यांच्याकडे आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच करतील.

८. माझ्या तेराव्याला कोणी उठून सांगेल की वहिनींनी शेवटी सगळे मिटवले, त्या बाईनेही त्यांना माफ केले. ते खोटे असेल. मी विचारले होते. ती नाही म्हणाली.

९. साक्षीदारांविषयी. साक्षीदाराने माझी सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायची सक्ती नसते, असे अपूर्वाताईंनी सांगितले. तरीही पहिले साक्षीदार जगन्नाथराव यांना मी हे सगळे कागद आताच वाचायला दिले. ते समोर बसून चहा पिऊन राहिले आहेत. त्यांनी कागद चाळले नाहीत. म्हणाले, "वाचायचं काय त्यात, वहिनी? सुशांतचंच आहे सगळं. मला माहीत आहे. सांगा, कुठे करू सही?"

मी त्यांना जागा दाखवली.

ठिकाण : विजय नगर, जबलपूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही : विनता नीलकंठ पिंपळखरे

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणारीने सही केली व तिच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या :

साक्षीदार १ : जगन्नाथ खांबेटे, विजय नगर (न वाचता)
साक्षीदार २ : क्षमा देवपुजारी, विजय नगर (वाचून)