स्लॅबखालचा डबा

आई,

लांबूनच तुझ्या पाया पडते. आधी हे सांगते की मी मजेत आहे, आणि या वेळी खरोखरच.

मागे लिहिलं होतं ना, नव्या इमारतीच्या स्लॅबचं डिझाइन माझं आहे म्हणून? सगळीकडे सारखा जाड न भरता, जिथे ताण येतो तिथेच जाड ठेवला, बाकी पातळ. तू ब्लाउजला काखेत दुहेरी टीप मारतेस आणि इतर ठिकाणी एकेरी, अगदी तसंच. सिमेंट आणि सळ्या भरपूर वाचल्या. पण आमच्या मुकादमाचा काही विश्वास बसेना. खालचे टेकू काढल्यापासून तो त्या स्लॅबखालून जायचाच नाही. लांबून वळसा घालायचा आणि वर मलाच विचारायचा, "मॅडम, नक्की ना?" मी ठसक्यात "नक्की" म्हणायचे आणि खोलीवर येऊन आकडे पुन्हा तपासत बसायचे.

काल स्लॅब भार पेलतो का ते बघायला त्यावर पाण्याने भरलेली पिंपं ओळीने ठेवली. तो ठरल्याइतकाच वाकला, आणि आज पिंपं उतरवल्यावर हळूहळू परत वर आला. एक तडा नाही, आई! मुकादम आपला डबा घेऊन बरोब्बर स्लॅबखाली, मधोमध जाऊन बसला आणि तिथून हाक मारली, "मॅडम, या जेवायला."

तुझे डोळे कसे आहेत? दोरा ओवायला धाकटीला हाका मारण्यापेक्षा नवा चष्मा कर बघू.

आणि मागच्या पत्रात 'पोटभर जेवते' असं लिहिलं होतं ना, ते आजपासून खरं धर.

तुझी,
थोरली