लंकाबाईची चूल

कडेवाडी, ८ जून २०२५

ती. मोतीरामदादांस,
धाकट्या निवृत्तीचा सा. न. वि. वि.

वाडीवरच्या डोंगराची भेग आता बैल उतरेल एवढी रुंद झाली आहे. आपल्याला खालच्या वसाहतीत हलवणार, त्याची यादी लागली. एका चुलीला एक घर. मोजणीवाल्याने विचारले तेव्हा मी छाती काढून सांगितले, तीन भावांची चूल एकच. तुम्हीच ग्रामसभेत हे सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आता नऊ माणसांना दीड खोली. शेजारचा गोटीराम भावाशी भांडून वेगळा झालेला, त्यांना दोन घरे. भांडणाचे पेढे वाटून गेला. मधला भाऊ वारल्यापासून लंकावहिनी कुठल्याच कागदावर नाहीत.

येथे मोबाइल लागत नाही, पत्रानेच कळवा. माया राहू द्यावी.

आपला,
निवृत्ती

अंबड, १४ जून

चि. निवृत्तीस,
अनेक आशीर्वाद.

काल कचेरीत जाऊन विचारले, एकत्र राहणे कोणत्या कायद्याने गुन्हा ठरले? दरड काय चुली मोजून कोसळणार आहे? साहेब म्हणाले, भाषण चांगले करता, अर्ज करा. केला. पंधरा दिवसांत जुन्या घराची पाहणी होईल. वेगळी चूल, काळी भिंत आणि राहते माणूस दिसले पाहिजे. तेव्हा लंकाला मागच्या पडवीत चूल मांडून दे. तुम्ही खाली जा, ती पाहणीपर्यंत थांबेल. खोटे आहे, कळते मला. पण विधवेला हक्काचे दार देणारे खोटे मी भर चौकात बोलेन.

लेकरांना पापे. घरच्यांवर लोभ आहेच.

तुझा,
दादा

कडेवाडी, २१ जून

ती. दादांस सा. न.

चूल मांडली. वहिनी म्हणतात, सासूबाई असत्या तर पहिले जळते लाकूड दादांच्या पाठीत बसले असते. भिंत लवकर काळी व्हावी म्हणून मुद्दाम ओली लाकडे जाळतात, खोकतात आणि हसतात. आम्ही उद्या खाली उतरतो. पाहणीवाल्यांना लवकर पाठवा, पाऊस लागून राहिला आहे.

निवृत्ती

नवी वसाहत, ९ जुलै

ती. दादांस,

वहिनींच्या दहाव्याला तुम्ही चार शब्दही बोलला नाहीत, ते बरे केलेत.

पंधरा दिवसांची पाहणी पंचविसाव्या दिवशी, म्हणजे काल आली. दरड आली तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या, हे मी पाहणीच्या साहेबांना सांगितले. पडवीची एकच भिंत चिखलातून वर उरली आहे. साहेबांनी तिच्या काजळीला बोट लावून पाहिले, रुमालाला पुसले आणि चुली दोन असे लिहिले. मृत लिहायला रकाना नव्हता.

घर मंजूर झाले. किल्ली घ्यायला लंकाबाईंनी स्वतः यावे, असे पत्रात आहे.

तुम्हाला अर्ज चांगला लिहिता येतो. याचे उत्तर तुम्हीच लिहा. माया राहू द्यावी, हे आज माझ्याने लिहवत नाही.

निवृत्ती