वरचे खण

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण चालायचंच. तूही बरी असशील. परवा रस्त्यापलीकडे तुला ट्रॉल्या आत ढकलताना पाहिलं, तेव्हा तब्येत चांगली दिसली. तो पिवळा गणवेश मात्र तुला शोभत नाही. समोरासमोर असून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू आधी बोलतेस आणि माझं राहून जातं.

दुकानाची बातमी अशी. तुमचं ते अवाढव्य दुकान उघडल्यावर दोरे, सुया, चेन यांचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. मी ते सामान ठेवणंच बंद केलं. आता फक्त बटणं आणि लेस, तीही तुमच्याकडे न मिळणारी. बटणांचे रोज लागणारे खण खाली आणले, प्रत्येकावर नमुन्याचं बटण चिकटवलं. गिऱ्हाईक स्वतःच शोधतं, मी पाकिटात भरते. व्यापारी संघाचे चिटणीस पाहून गेले. "ताई, दोघींचं काम एकट्या करता, तेही निम्म्या वेळात! इतरांनाही शिकवा की." मी म्हटलं, गळ्याशी आलं की शिकतील आपोआप.

तू जाताना म्हणालीस, "ताई, इथे आता दोघींपुरतं काम नाही." मी भडकले, वाटेल ते बोलले. तुझं बरोबर होतं. लिहून देते आहे, जपून ठेव. पुन्हा मिळणार नाही.

काल एक शिंपी आले. त्यांनी कोटाचं बटण दाखवलं आणि मी सवयीने मान वर करून ओरडले, "चार भोकांची काळी, मोठी!" बिचारे छताकडे बघायला लागले. "वर कोण आहे?"

"कोणी नाही," म्हटलं आणि समोरच्या खणातून बटणं काढून दिली. शिडीवरून तुझं "ऐकलं गं, ओरडू नकोस" यायची वाट पाहावी लागली नाही. काम झटपट झालं. वाचलेल्या वेळाचं काय करायचं, ते चिटणीसांनी सांगितलेलं नाही.

शिडी जागेवरच आहे. अगदी वरचे खण अजून भरलेले आहेत; माझ्या गुडघ्याला चढवत नाही. माणूस लावता येईल, पण त्याने खण सांडले तर बटणं निवडत कोण बसणार?

फारसं काम नाही, हे आधीच सांगते. सोमवारी तुझी सुटी असते. यावंसं वाटलं तर ये. पिवळ्या गणवेशात आलीस तरी चालेल.

तुझी,
खालून ओरडणारी
ताई