तात्याबा डॉट कॉम विकणे नाही

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७.१०
ई-मेल आला. बंगळूरच्या वकिलाचा. म्हणतो, 'तात्याबा' हा आमच्या अशिलाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. आपण तात्याबा डॉट कॉम हे नाव बेकायदा अडवून बसला आहात. सात दिवसांत आमच्या नावे करा.

वा रे वा! तात्याबा माझे वडील. जन्म १९३८, मलकापूर. कंपनीचा जन्म २०२१. चिप्स विकतात. पाकिटावर फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा म्हातारा. आमचे तात्याबा आयुष्यभर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून शेतावर गेले, मिशी कधी ठेवली नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

डॉट कॉम मी २०१२ साली घेतलं. सुभेदार-क्लार्क म्हणून रिटायर होऊन आलो त्याच आठवड्यात, कराडच्या सायबर कॅफेत बसून. बायकोच्या, म्हणजे क्रांतीच्या, कांदा-लसूण मसाल्यासाठी. आज पुणे, मुंबई, दुबईची गिऱ्हाइकं त्याच नावावर ऑर्डर देतात. हाताखाली सहा बायका आहेत. मसाला क्रांती बघते. जनरल देखरेख माझी.

क्रांतीला सांगायचं नाही. मसाल्याचा सीझन तोंडावर आहे आणि बायका घाबरतात.

३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
क्रांतीला सांगितलं. घाबरली नाही. म्हणाली, ते नाव गेलं तर मी लोकांना कुठं गावणार? तेवढं नीट बघा, बाकी काय सांगत न्हाई.

बघणारच. चोवीस वर्षं रेकॉर्ड ऑफिस सांभाळलंय. ड्राफ्टिंगमध्ये माझा हात धरणारा युनिटमध्ये कोणी नव्हता. कर्नलसाहेब स्वतः म्हणायचे, सयाजी, थोडक्यात लिही.

४ फेब्रुवारी
वीरधवलचा सल्ला घेतला. वीरधवल म्हणजे आमचा शेजारी. बांधाच्या केसमध्ये एकोणीस वर्षं कोर्टात गेला, त्यामुळे अर्धा वकील आहे. केस हरला, पण नॉलेज राहिलं.

त्याचं म्हणणं, गड्या, तोंडावर न्हाई म्हणायचं नसतं. भाव सांगायचा.

बरोबर आहे. आपल्याकडची रीतच ती. कोणी रान मागायला आला तर 'देणार नाही' म्हणणं शोभत नाही. माणूस दारात आलेला असतो, चहा घेत असतो. मग असा भाव सांगायचा की तो बशीतला चहा तसाच ठेवून उठतो. विहिरीकडची पट्टी मागायला एक बागायतदार आले होते, तेव्हा तात्याबांनी असा भाव सांगितला की ते पुढच्या लग्नातसुद्धा जमिनीचा विषय काढेनात. अपमान नाही, भांडण नाही, आणि जमीन जागेवर.

बंगळूरवाल्यांनाही कळेल. शेवटी तीही माणसंच.

९ फेब्रुवारी, दुपारी ४.४०
उत्तर रवाना. पाच दिवस लागले, कारण चांगल्या इंग्रजीला वेळ लागतो. "आय हॅव द ऑनर टु स्टेट" पासून सुरुवात. गाभा एका ओळीचा: नाव पाहिजे असेल तर एक कोटी रुपये, रोख. त्याखाली बोलू नये.

बसा म्हणावं आता बशी धरून.

क्रांतीला वाचून दाखवलं. म्हणाली, विकायचंच न्हाई तर भाव कशाला सांगितला? तिला समजावलं की हाच तर नकार आहे. ती म्हणाली, आवं, ते तुम्हाला ठावं हाय, वीरधवल भावजींना ठावं हाय. त्या बंगळूरच्या माणसाला कुणी सांगितलंय? मग डंकावर मिरची कांडायला द्यायला निघून गेली.

बायकांना डिप्लोमसी कळत नाही.

१२ फेब्रुवारी
त्यांचं उत्तर आलं. "आपला प्रस्ताव आम्ही नोंदवून घेतला आहे." बस्स, एवढंच.

घाबरले! वीरधवलला बोलावून भजी केली. म्हणजे क्रांतीने केली.

३ मार्च, सकाळी ९
नवीनच भानगड. डॉट कॉम नावांचे तंटे सोडवणाऱ्या परदेशातल्या कुठल्याशा लवादाचा मेल. कंपनीने तक्रार केली आहे. सोबत ९२ पानं. उत्तर २३ मार्चपर्यंत, ई-मेलने द्यायचं.

सही नाही, शिक्का नाही, पोस्टमन नाही. याला नोटीस म्हणतात? वीरधवलने बांधाच्या केसमध्ये तीन वेळा नोटीस परत पाठवली होती. पोस्टमन दारात आला की हा गोठ्यात म्हशीमागे बसायचा आणि आतून वहिनी ओरडायच्या, घरात न्हाईत. नोटीस घेतलीच नाही तर मिळाली कशी?

मेल परत अनरीड केला. आता तो न वाचलेला आहे.

६ मार्च
माझं जेवण कमी झालंय म्हणून क्रांतीने चौकशी केली. दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं. मिलिटरी पोलिसात असायला हवी होती.

८ मार्च, सांगली
क्रांतीने सकाळच्या एसटीत बसवलं आणि स्वतःही बसली. सांगलीत भार्गवी म्हणून वकील आहे, ट्रेडमार्कचंच काम करते. पोरगी तिशीची असेल. ऑफिसात एक टेबल, एक लॅपटॉप. कायद्याची जाड पुस्तकं नाहीत, भिंतीवर कोणाचा फोटो नाही. माझा विश्वास तिथेच निम्मा उडाला.

९२ पानांपैकी मी पहिली दहाच छापून नेली होती, ती वाचून म्हणाली, काका, कंपनीला तीन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. नाव सारखं आहे. तुमचा त्या नावावर काही हक्क नाही. आणि तुम्ही ते वाईट हेतूने, म्हणजे पैसे उकळायला घेतलं. पहिली सोडा. दुसऱ्याला उत्तर म्हणजे तुमचे वडील आणि काकूंचा मसाला. तिसऱ्याला उत्तर म्हणजे तुमची २०१२ ची पावती. तक्रारीत त्यांनी ठोकून दिलंय की आम्ही २००९ पासून हे नाव वापरतो. साफ खोटं आहे, कंपनीच २०२१ ची. तो कागद मी जोडते. दोन पानांचं उत्तर पुरेल.

दोन पानं! आंतरराष्ट्रीय खटल्याला! आमच्या युनिटमध्ये हरवलेल्या बादलीला चार पानं लागायची.

मग चष्म्यावरून बघत विचारलं, काका, तुम्ही त्यांना काही लिहून पाठवलं नाही ना?

मी म्हणालो, औपचारिक पोच दिली होती.

क्रांती माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात तिला डंकावरून फोन आला म्हणून ती बाहेर गेली. ईश्वर आहे.

११ मार्च
भार्गवीचा मसुदा आला. खरोखर दोनच पानं. खाली लिहिलंय, काका, पावती जोडा आणि याच मेलवरून पुढे पाठवून द्या, तक्रारीत तुमचाच पत्ता आहे. पाच मिनिटांचं काम.

मसुदा तसा ठीक आहे. पण त्यात भावना नाही. इतिहास नाही. ऑनर टु स्टेट नाही. याला बेस धरून मी व्यवस्थित उत्तर तयार करतो. बारा दिवस म्हणजे भरपूर वेळ.

१४ मार्च, धुळवड
पानं १ ते ९ तयार. वंशावळ. पणजोबांपर्यंत पोहोचलो. त्यांचं नावही तात्याबाच होतं हे चुलत्यांकडून कळलं. हा पुरावा भार्गवीला स्वप्नातसुद्धा सापडला नसता.

१७ मार्च
कराडला जाऊन स्टॅम्प पेपर घेतला. प्रतिज्ञापत्र केलं. गल्लीतल्या सात म्हाताऱ्यांचे जबाब घेतले की तात्याबा हे तात्याबाच होते. एकाने जबाबात मध्येच तात्याबांनी १९७२ साली नेलेली पेरणीची पाभर परत केली नाही असं घातलं. सही पाहिजे होती म्हणून ठेवलं.

क्रांतीने विचारलं, पाठवलं का? अंतिम टप्प्यात आहे असं सांगितलं. तिचे हात कोपरापर्यंत तिखटाने लाल. म्हणाली, या महिन्यात वर्साच्या निम्म्या ऑर्डरी येत्यात. राहीबाईनं मसाल्याच्या जिवावर पोरीला नर्सिंगला घातलीय. लवकर करा.

तिला टेन्शन घेऊ नको म्हणालो. टेन्शन घ्यायला मी आहे.

२१ मार्च, दुपारी २
फत्ते! एकूण ६१ पानं. प्रत्येक पानावर सही. लाल फीत. नगरसेवकाचा दाखला. तात्याबांचा मिशी नसलेला फोटो, मागे साक्षांकित. भार्गवीची दोन पानंही घातली, परिशिष्ट 'ट' म्हणून.

कराडच्या पोस्टातून परदेशात स्पीड पोस्ट. काउंटरवरच्या बाईंनी वजन करून विचारलं, लोणचं आहे का? म्हणाल्या, पोचायला दहा-बारा दिवस. मी हसलो. शिक्का २१ तारखेचा. मुदत २३ ची. शिक्का म्हणजे शिक्का.

ई-मेलने पाठवायचा विचार केला होता. पण ६१ पानं स्कॅन कोण करणार? आणि ई-मेलला लाखेची मोहोर लावता येत नाही.

क्रांतीने विचारलं, पाठवलं? मी म्हणालो, पाठवलं. हे शंभर टक्के खरं आहे.

२५ मार्च
लवादाचा मेल. प्रतिवादीने मुदतीत उत्तर दिलेले नाही, सबब एकतर्फी निर्णयाकडे जात आहोत.

बिचाऱ्यांना अजून पार्सल मिळालेलं नाही. मेल अनरीड केला.

३० मार्च, गुढीपाडवा
संकल्प: १) रोज चालणे. २) विजय डोक्यात जाऊ न देणे.

वीरधवलने फ्लेक्सचा मजकूर आणला. "आंतरराष्ट्रीय खटल्यात देदीप्यमान विजय मिळवल्याबद्दल सुभेदार सयाजीराव यांचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुक म्हणून त्याचे अकरा फोटो. मी म्हणालो, गड्या, निकाल तर लागू दे. तो म्हणाला, नंतर फ्लेक्सवाल्याकडं गर्दी असती रं, लग्नसराई हाय. अॅडव्हान्स दिला.

१७ एप्रिल, सकाळी ६.५०
निकाल.

नाव कंपनीला द्यावं असा.

अकरा पानं आहेत. दोनदा वाचली. माझ्या पार्सलबद्दल एकच ओळ: मुदतीनंतर, टपालाने आल्यामुळे विचारात घेतलेले नाही. पान ८ वर लिहिलंय की प्रतिवादीने आपल्या हक्काचा कोणताही पुरावा दिला नाही. कंपनीचं २००९ चं म्हणणं कोणी खोडलं नाही. आणि "प्रतिवादीचा हेतू त्याच्याच ९ फेब्रुवारीच्या पत्रावरून स्पष्ट होतो, ज्यात त्याने हे नाव एक कोटी रुपयांस, तेही रोख, विकण्याची तयारी दाखवली."

विकण्याची तयारी! विकायचं नाही म्हणून तर कोटी लिहिलं! त्या लवादाच्या बापजाद्यांपैकी कुणी कधी जमिनीचा व्यवहार केलेला दिसत नाही.

मेल अनरीड केला. थोड्या वेळाने परत उघडून बघितला. तोच निकाल होता.

१८ एप्रिल
अपील करायचा विचार. क्रांतीला योग्य वेळी सांगेन. आज ती खोबरं भाजत होती, आज योग्य वेळ नव्हती.

२३ एप्रिल
आजही नव्हती. वीरधवलला फ्लेक्स थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, छापून झालाय, उलट बाजूनं गोठ्यावर टाकू.

३ मे, सकाळी ११
दुबईच्या बाईंचा क्रांतीला फोन. ताई, तुम्ही चिप्स कधीपासून चालू केले? मग पुण्याहून दोन. मग मुंबईहून.

क्रांतीने मोबाइलवर तात्याबा डॉट कॉम उघडलं. मिशीवाला. खाली लिहिलंय, सातारच्या मातीतल्या एका कष्टाळू शेतकऱ्याची चव. सहाही बायका तिच्या खांद्यावरून बघत होत्या. राहीबाई म्हणाली, ह्यो कोण म्हणायचा?

मी निकाल दाखवला. मग ९ फेब्रुवारीचं पत्र. मग पोस्टाची पावती. क्रांतीने भार्गवीला फोन लावून स्पीकरवर टाकला. भार्गवीने पत्रातली कोटीची ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, काका, उत्तर नसतं तरी कदाचित निभावलं असतं. वाईट हेतूचा त्यांच्याकडे दुसरा काही पुरावाच नव्हता. तुमचा तो मेल मिळाल्यावरच त्यांनी तक्रार केली.

क्रांती ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मग बायकांना घरी जायला सांगितलं. सुपात निवडलेली ब्याडगी तशीच ठेवून त्या गेल्या. हॉलमध्ये भरलेली चाळीस पाकिटं होती, सगळ्यांवर तात्याबा डॉट कॉम छापलेलं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, नाव मामांजींचं हुतं खरं, पर बारा-तेरा वर्सं त्येला गिऱ्हाईक मी मिळवून दिलंय. मला एकदा इचारायचं तरी.

मला लाज वाटली. माझी बाजू लिहायला बसलो होतो, दोन ओळी लिहून खोडल्या.

६ मे
क्रांती काल एकटीच सांगलीला गेली होती. नवं नाव घेऊन आली. स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्या सहीने. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन चालू आहे. वहीत चारशे अकरा नंबर आहेत, आज साठ झाले. निम्मे उचलत नाहीत.

कंपनीला एक कडक पत्र लिहावं असं सकाळी वाटलं होतं. लिहिलं नाही. वीरधवल हायकोर्टातला कोणी ओळखीचा आहे म्हणत होता. गेलो नाही. मेल उघडला नाही. दिवसभर पडवीत बसून होतो.

संध्याकाळी तिला पाणी नेऊन दिलं आणि म्हणालो, आज मी काही म्हणता काही केलं नाही.

तिने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, येवढंच फेब्रुवारीत केलं असतं तर बास हुतं.