बिनपायरीचे जोड

४ सप्टेंबर
नारिन गावाहून वर, खिंडीखालच्या तळावर पोचलो. झकास जागा! तंबूत ऊबदार चूल, स्वैपाकाला बुर्मा आपा, आणि इंटरनेटच्या काचतारा जोडायला मी, सतरा वर्षं मुरलेला ओमुर. मुकादम झाकीप आके, म्हणजे सगळ्यांचे दादाच, सगळ्यांसमोर म्हणाले, "आले आपले उस्ताद!" मी नम्रपणे मान खाली घातली, अशा वेळी ती आपोआप जाते. कामात गूढ काही नाही. केसाएवढी काच सोलायची, स्पिरिटनं पुसायची, काटकोनात कापायची, मशीनमध्ये टोकाला टोक भिडवून ठिणगीनं वितळवायची. जोडलं ते जन्माचं.

६ सप्टेंबर
तपासणीच्या पडद्यावर प्रकाशाची रेघ उमटते. जोड असेल तिथे बारीकशी पायरी. सगळ्यांत लहान पायरी माझी, अशी माझी ख्याती. पण इथे कुबात नावाचा एक तोंडमिटू इसम आहे. त्याच्या जोडांना पायरीच नाही! तार कधी तुटलीच नव्हती जणू. झाकीप आके म्हणाले, "ओमुर, जरा कुबातचं बघून घे रे." मी! बघून घे! उस्तादपण दोन दिवस टिकलं. दहीसुद्धा जास्त टिकतं.

९ सप्टेंबर
हा कुबात मेंढीच्या कातड्याचे जाड, पिशवीसारखे हातमोजे काढतच नाही. चहा आपा पाजते. मी म्हटलं, खानसाहेबांचे ओठही तूच पूस. आपा उसळली, "किती जळशील मेल्या! चूल विझवून तुझ्यावरच किटली ठेवते." सगळे हसले. कुबातसुद्धा. त्याचं ते हसणं अजून टोचतंय.

११ सप्टेंबर
दुपारी कुबातच्या जोडकामाच्या गाडीत डोकावलो. मशीन बंद. मोजे बाजूला. त्याला बोटं नाहीत. सलग मांस, मोज्यासारखंच, नखंही नाहीत. तारेची टोकं त्यानं हाताच्या कडेला टेकवली आणि ती एक झाली. मग हात ओढून सोडवला. थोडी कातडी तारेला राहिली.
भीती वाटायला हवी होती. मनात आलं, हे मला का नाही?

१२ सप्टेंबर
खिंडीचा शेवटचा टप्पा आके उद्या त्यालाच देणार. मी कुबातकडे सरळ त्याचं ते कसब मागितलं. कुबातनं विचारलं, "मनापासून?" मी इतकं मनापासून लग्नालाही हो म्हटलं नव्हतं. त्यानं हात माझ्या हातांवर ठेवले. रडला. सुटलो म्हणाला. कशातून, ते मी विचारलं नाही.

१३ सप्टेंबर
बारा जोड. एकही पायरी नाही! टप्पा माझा.

१४ सप्टेंबर
करंगळी आणि शेजारचं बोट — मधली फट दिसत नाही.
आपाला सुरीनं पाडायला लावली. फट हळूच मिटली. आपा पळाली.

१५
कुबातला म्हटलं, परत घे. म्हणाला, "मनापासून मागणारा लागतो, ओमुर आके." कोण मागेल हे? कोण जळेल माझ्यावर?

दुपार
पेन सुटत नाही. डावा तळवा पानावर टेकला होता — उठत नाही. पान कुठे संपतं, मी कुठे —
पायरी नाही.

बाहेर कुबात घरी निघालाय. दहा बोटं. एकेकाशी हात मिळवतोय. धरतो, सोडतो. धरतो, सोडतो. हरामखोर, किती सहज सोडतो —
मला ते —