किटलीचा कायापालट

३ मार्च १९८६
नवी वही. हायवे चौपदरी होणार, तोही नेमका आमच्या किटलीवरून. किटली म्हणजे आमचं हॉटेल. वडिलांनी १९३४ साली धान्याच्या कोठाराचे पत्रे ठोकून उभारलेली, कॉफीच्या किटलीच्या आकाराची वीस फूट उंच इमारत. राज्याच्या वारसा यादीत नाव लागलं तर वाचेल. एप्रिलमध्ये राजधानीतून, लिंकनहून तपासणी. संकल्प: बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

९ मार्च
पत्र्याला पोचे, चोचीला ठिगळ. वारसा असा दाखवायचा? वरून बसवायला पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकच्या पट्ट्या मागवल्या. चाळीस वर्षांची गॅरंटी. डार्लीन म्हणाली, वेंडेल, आजीचा वाढदिवस म्हणून आजीच बदलतोयस का? बायकोला वारशातलं काही कळत नाही.

२२ मार्च
पत्रे भंगारात. काउंटरची चौदा स्टुलंही. आमचं गिऱ्हाईक एमेट वीस वर्षं तिसऱ्या स्टुलावर बसून अंडी खातो. आज उभ्यानं खाल्ली. सुधारणा पचायला वेळ लागतो.

५ एप्रिल
वडील खाली ओलं गवत जाळून चोचीतून वाफेसारखा धूर काढायचे. ते धुराडं काढलं, तिथे एअर कंडिशनर. त्यांचा हातोडा सापडला. तो मात्र भंगारात दिला नाही.

१४ एप्रिल, सकाळी ११
तपासणीच्या मिस लिंडक्विस्ट आल्या. बाहेर बराच वेळ नुसत्या उभ्या. भारावल्या असाव्यात. मग विचारलं, जुनी इमारत कुठाय? म्हटलं, ही काय. म्हणाल्या, यातलं जुनं काय उरलंय? डार्लीन म्हणाली, नवरा. बाईंनी ते लिहून घेतलं नाही. नंतर मागच्या आवारातल्या संडासात गेल्या त्या अर्धा तास बाहेर नाहीत. पोट बिघडलं असणार. पण आत कॅमेऱ्याचा फ्लॅश का उडत होता, कळलं नाही.

३० मे
पत्र आलं. किटली नामंजूर, बांधकाम १९८६ सालचं. संडास मंजूर. वडिलांच्या हातचे पत्रे, मूळ फळ्या, कुठेही दुरुस्ती नाही. रस्ता किटलीवरून जाईल आणि संडासाला वळसा घालेल. डार्लीन रडली. मीही रडलो, खोटं कशाला लिहू?
संध्याकाळी डार्लीननं संडासाला कुलूप घातलं. किल्ली मला देत नाही. मी फक्त रंगाचा एक डबा आणला होता.